वाचकांचे प्रश्न : तीन नंबरचा व्हॉल्व्ह १९४ मिनिटे का उघडा राहतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच आहे : संगणकावरील प्रोग्राममधून शेतातल्या वायरलेस मायक्रोकंट्रोलरकडे (उपकरणे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपकडे) बाइटच्या रूपात माहिती कशी पाठवावी. म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. सदराच्या प्रथेप्रमाणे प्रोग्रामच्या ओळी छापलेल्या नाहीत. काय करायचे ते शब्दांत सांगितले आहे आणि सर्व बाइट नेहमीच्या दशमान अंकांत दिले आहेत.

प्रश्न : आमच्या मोसंबीच्या बागेत ठिबकचे सहा व्हॉल्व्ह असून ते ईएसपी३२ या वाय-फाय मायक्रोकंट्रोलरवर चालतात. घरातल्या लॅपटॉपवर पुतण्याने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला आहे. तो वाय-फायवरून यूडीपीने (सुटी पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीने) दोनच आकडे पाठवतो : व्हॉल्व्हचा नंबर आणि मिनिटे. तीन नंबरच्या व्हॉल्व्हला ९० किंवा १२० मिनिटे दिली तर सगळे बरोबर चालते. १५० दिली की व्हॉल्व्ह १९४ मिनिटे उघडा राहतो, १८० दिली तरी १९४, आणि २०० दिली की १९५. ईएसपी३२ बदलून पाहिला, तरी तेच. पुतण्या प्रत्येक आकड्याचे अक्षर करतो, अक्षरे जोडतो आणि 'एन्कोड' करून पाठवतो. चूक कोठे आहे?
(मोसंबी बागायतदार, अंबड तालुका, जि. जालना)

उत्तर : आपण आकडे जसेच्या तसे कळवलेत, त्यामुळे चूक पत्रातच सापडली. ईएसपी३२ निर्दोष आहे. तो बदलण्याची गरज नव्हती. दोष त्या 'एन्कोड' शब्दात आहे.

पायथनमधील अक्षर आणि बाइट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. अक्षर म्हणजे युनिकोडमधला, म्हणजे जगातील लिप्यांच्या सामायिक यादीतला, एक संकेतांक, आणि तो संकेतांक बाइटांत कसा मांडायचा याचा नियम वेगळा असतो. पायथन ३ मध्ये काहीही न सांगता 'एन्कोड' केले, तर यूटीएफ-८ हा नियम लागतो. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तो आखला, तेव्हा जुन्या अ‍ॅस्की (साध्या इंग्रजी अक्षरांच्या) मजकुराला धक्का लागू नये म्हणून ० ते १२७ हे संकेतांक एकाच बाइटात, आहेत तसेच ठेवले आणि त्यापुढच्या प्रत्येक संकेतांकाला एकाहून अधिक बाइट दिले; आजच्या नियमाने ते दोन, तीन किंवा चार असतात. म्हणून आपले ९० आणि १२० सुखरूप पोचतात. १५० चे मात्र १९४ आणि १५० असे दोन बाइट होतात, १८० चे १९४ आणि १८०, तर २०० चे १९५ आणि १३६. आपल्या ईएसपी३२ वरचा प्रोग्राम पहिला बाइट व्हॉल्व्हचा नंबर आणि दुसरा बाइट मिनिटे म्हणून वाचतो, तिसऱ्याकडे पाहतच नाही. त्यामुळे १२८ ते १९१ पर्यंत काहीही दिले तरी १९४ मिनिटे, आणि १९२ ते २५५ पर्यंत काहीही दिले तरी १९५ मिनिटे.

(याच नियमामुळे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसह, तीन बाइट घेते. 'परभणी' या शब्दात पाच संकेतांक आहेत, म्हणजे पंधरा बाइट. 'नांदेड' अठरा बाइटांचे. बागेच्या तुकड्याचे नाव मराठीत पाठवायचे असेल, तर समोर तेवढी जागा ठेवावी.)

उपाय सोपा आहे. आकड्यांची अक्षरे करूच नयेत. पायथनच्या 'बाइट्स' फंक्शनला ३ आणि १५० या आकड्यांची यादी द्यावी. तेच दोन बाइट, न बदलता, पाठवले जातील. पण येथे थांबू नका, कारण उन्हाळ्यात आपण ३०० मिनिटे द्याल आणि २५५ च्या पुढचा आकडा एका बाइटात मावत नसल्यामुळे पायथन तेथेच चूक दाखवून थांबेल. मिनिटांसाठी दोन बाइट राखावेत. ३०० म्हणजे २५६ चा एक गठ्ठा आणि वर ४४, म्हणून ते दोन बाइट ४४ आणि १. आता प्रश्न उरतो तो क्रमाचा : आधी ४४ की आधी १?

मराठी माणसाला हा प्रश्न चटकन समजावा. आपण २५ लिहिताना आधी दोन लिहितो आणि नंतर पाच. बोलताना मात्र 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. आकडा तोच, क्रम उलटा, आणि ऐकणाऱ्याला रीत माहीत असल्यामुळे घोटाळा होत नाही. संगणकांतही या दोन्ही रीती आहेत. लहान बाइट आधी ठेवण्याच्या रीतीला लिटल-एंडियन म्हणतात, मोठा आधी ठेवण्याच्या रीतीला बिग-एंडियन. इंटेल आणि एएमडीचे लॅपटॉप आणि ईएसपी३२ हे सगळे लिटल-एंडियन आहेत. इंटरनेटच्या नियमांतील शीर्षके, तसेच वीजमीटर आणि ड्राइव्हमध्ये सर्रास आढळणारी मॉडबस ही संवादाची पद्धत, हे मात्र मोठा बाइट आधी पाठवतात. क्रम चुकला तर आपले ३०० मिनिटांचे पाणी ४४ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ११,२६५ मिनिटांचे होईल. व्हॉल्व्ह जवळजवळ आठ दिवस उघडा राहील. मोसंबीच्या मुळांशी इतके पाणी साचले तर काय होते, ते आपल्याला मी सांगायला नको.

पायथनच्या 'स्ट्रक्ट' मॉड्यूलमधील 'पॅक' फंक्शन हे काम नीट करते. त्याला नमुना द्यावा लागतो : सुरुवातीला '<' हे चिन्ह, म्हणजे लिटल-एंडियन; मग कॅपिटल बी, म्हणजे एका बाइटाचा ऋण नसलेला आकडा; मग कॅपिटल एच, म्हणजे दोन बाइटांचा ऋण नसलेला आकडा. ३ आणि ३०० दिले की ३, ४४, १ असे तीन बाइट मिळतात. ईएसपी३२ च्या बाजूला दुसरा बाइट अधिक तिसरा बाइट गुणिले २५६ असा सरळ हिशेब लिहावा.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्या दिवशीच केली असती तर हा सगळा त्रास वाचला असता. आलेल्या पॅकेटची लांबी तपासा. दोन बाइट अपेक्षित असताना तीन आले, एवढे ईएसपी३२ ने सीरियल मॉनिटरवर (चिपचे निरोप लॅपटॉपवर दाखवणाऱ्या खिडकीत) छापले असते, तर पुतण्याला चूक त्याच क्षणी दिसली असती. यापुढे लांबी बरोबर तीन नसेल तर पॅकेट टाकून द्यावे आणि व्हॉल्व्हला हात लावू नये. व्हॉल्व्हचा नंबर १ ते ६ मध्ये आहे का आणि मिनिटे आपण ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या आत आहेत का, हेही तेथेच पाहावे. घरातला प्रोग्राम बरोबरच पाठवेल, असे शेतातल्या यंत्राने कधीही गृहीत धरू नये.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात शिकतो. प्रकल्पासाठी लॅपटॉप आणि ईएसपी३२ यांच्यात तीन गोष्टींची देवाणघेवाण करतो : केंद्राचा क्रमांक (१ बाइट), वेळ (४ बाइट) आणि मातीचे तापमान दहापट करून (२ बाइट). कागदावर बेरीज ७ येते. पायथन या नमुन्याची लांबी १० सांगतो. ईएसपी३२ वर त्याच तीन घटकांच्या स्ट्रक्चरची (एकत्र बांधलेल्या गटाची) लांबी १२ येते. तिघांत खरे कोण?
(विद्यार्थी, लातूर)

उत्तर : तिघेही आपापल्या नियमाने खरे बोलत आहेत. असा प्रश्न विचारण्यापूर्वी आपण तिन्ही ठिकाणी लांबी मोजून पाहिलीत, हे मला फार आवडले. बहुतेक जण वेळ चुकीची दिसू लागल्यावर वाय-फायला दोष देत बसतात.

चार बाइटांचा आकडा स्मृतीत चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असला, तर प्रोसेसर तो एका दमात उचलतो. म्हणून सी भाषेचा कंपायलर क्रमांकाच्या एका बाइटानंतर तीन रिकामे बाइट सोडतो आणि वेळ चौथ्या पत्त्यापासून सुरू करतो. मग तापमानाचे दोन. येथपर्यंत दहा झाले. पुढे, अशी अनेक स्ट्रक्चर ओळीने ठेवली तरी प्रत्येकातील वेळ योग्य पत्त्यावरच यावी, म्हणून शेवटी आणखी दोन रिकामे बाइट जोडले जातात, आणि बारा होतात. पायथनच्या नमुन्यात सुरुवातीचे चिन्ह दिले नाही तर तो यंत्राच्या रीतीने मधली जागा सोडतो, पण शेवटची सोडत नाही, म्हणून दहा. नमुन्याच्या आरंभी '<' लिहिताच मधली जागाही जाते आणि कागदावरचे सात मिळतात.

हवेतून सातच बाइट जावेत, असे माझे मत आहे. ईएसपी३२ च्या बाजूला स्ट्रक्चरला 'पॅक्ड' (रिकामी जागा न सोडणारे) असे विशेषण लावता येते, आणि अनेक जण ते लावून मोकळे होतात. मला त्यापेक्षा बाइटांच्या साध्या रांगेतून एकेक घटक उचलून घेणे किंवा 'मेमकॉपी' या बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या फंक्शनने योग्य चलात उतरवणे पसंत आहे. कारण असे की, आलेल्या बाइटांच्या रांगेवर थेट चार बाइटांचा पॉइंटर (स्मृतीतला पत्ता दाखवणारा चल) ठेवून वाचण्याची सवय लागली, तर तोच प्रोग्राम जुन्या ईएसपी८२६६ वर चढवल्यावर पत्ता चारने भाग जाणारा नसेल तेव्हा एक्सेप्शन ९ (चुकीच्या पत्त्यावरून वाचल्याची चूक) येऊन चिप पुन्हा सुरू होते, आणि कारण शोधण्यात आठवडा जातो. चलांचे प्रकार लिहितानाही नुसते 'इंट' लिहू नये. आर्डुइनो ऊनोवर ते दोन बाइटांचे असते, ईएसपी३२ वर चारचे. १९९९ च्या सी मानकापासून ८, १६ आणि ३२ बिट असे रुंदी स्पष्ट सांगणारे प्रकार उपलब्ध आहेत, तेच वापरावेत.

तापमानाविषयी एक सूचना. आपल्याकडे मातीचे तापमान शून्याखाली जात नाही, म्हणून आपण तो आकडा ऋण नसलेला ठेवला असण्याची शक्यता आहे. डीएस१८बी२० हा सेन्सर वापरत असाल, तर त्याची प्रचलित आर्डुइनो लायब्ररी सेन्सरची तार सुटल्यावर उणे १२७ अंश असे उत्तर देते. दहापट केल्यावर ते उणे १,२७० होईल, आणि ऋण नसलेल्या दोन बाइटांत वाचल्यास ६४,२६६, म्हणजे ६,४२६.६ अंश. पायथनच्या नमुन्यात कॅपिटल एचऐवजी लहान लिपीतला एच घातला की आकडा चिन्हासह वाचला जाईल, आणि तार सुटल्याचे आपल्याला लगेच कळेल.

प्रकल्पाच्या वहीत एक तक्ता मात्र अवश्य ठेवा : कितव्या बाइटात काय, किती रुंद, चिन्हासह की विना, कोणत्या क्रमाने, कोणत्या एककात. पहिला बाइट या तक्त्याच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणून राखून ठेवला, तर पुढच्या वर्षी आर्द्रता जोडताना जुनी केंद्रे गोंधळणार नाहीत. दोन्ही प्रोग्राम या तक्त्यावरून लिहावेत. एकाचा प्रोग्राम पाहून दुसरा लिहू नये.

प्रश्न : विहिरीवरची मोटार घरून चालू-बंद करण्यासाठी संगणकातून यूडीपीने एकच बाइट पाठवतो. तो पोचला की रिले पलटतो आणि मायक्रोकंट्रोलर पोच पाठवतो. दोन सेकंदांत पोच आली नाही तर प्रोग्राम तोच बाइट पुन्हा पाठवतो. कधीकधी मोटार चालू असायला हवी तेव्हा बंद सापडते, आणि एकदा रात्रभर चालू राहिली. यूडीपी सोडून टीसीपी वापरले तर हे थांबेल का?
(शेतकरी, गेवराई तालुका, जि. बीड)

उत्तर : नाही, थांबणार नाही, आणि मोटारीचा प्रश्न असल्यामुळे येथे थोडे विस्ताराने लिहितो.

घडते ते असे. आपला बाइट पोचतो, रिले पलटतो, मोटार सुरू होते. पोच मात्र वाटेत हरवते, कारण यूडीपीमध्ये पॅकेट पोचण्याची हमी कोणीच घेत नाही. प्रोग्रामला वाटते की आज्ञाच पोचली नाही. तो ती पुन्हा पाठवतो, रिले पुन्हा पलटतो, मोटार बंद होते. या वेळी पोच येते आणि प्रोग्राम समाधानाने 'चालू' असे दाखवतो. टीसीपी हरवलेले बाइट स्वतःहून पुन्हा पाठवते हे खरे. पण शेतीचा थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने मिळत असताना विहिरीवरचा मायक्रोकंट्रोलर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होणारच, आणि जोडणी तुटली की शेवटची आज्ञा अमलात आली की नाही, हे टीसीपीलाही सांगता येत नाही. शिवाय टीसीपी म्हणजे बाइटांचा अखंड प्रवाह आहे. त्यात एक निरोप कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला याची खूण नसते; दोन निरोप एकत्र येऊ शकतात किंवा एकाचे दोन तुकडे होऊन येऊ शकतात. त्यासाठी प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी पाठवावी लागते. आपल्यासारख्या लहान आज्ञांना यूडीपीच बरे, कारण तेथे एक पॅकेट म्हणजे एक निरोप.

'पलट' ही आज्ञा कायमची काढून टाका. आज्ञेत हवी ती स्थिती लिहा : १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. 'चालू' ही आज्ञा चार वेळा पोचली तरी मोटार चालूच राहते. माझ्या मते या एका बदलाने आपला निम्म्याहून अधिक त्रास संपेल.

दुसरे, स्थितीबरोबर दोन बाइटांत मिनिटे पाठवा आणि घड्याळ विहिरीवर चालू द्या. मिनिटे संपली की मोटार आपोआप बंद. घरचा लॅपटॉप झोपला असो, वाय-फाय गेलेले असो. मोटार रात्रभर चालू राहिली ती बंदची आज्ञा पोचली नाही म्हणून किंवा नको तेव्हा रिले पलटला म्हणून, आणि बंद होण्यासाठी कोणाच्या आज्ञेची वाट पाहणे हीच मांडणी धोक्याची आहे. आपल्या भागात विहीर उपसायला वेळ लागत नाही आणि कोरडी चाललेली मोटार जळते. वीज येऊन मायक्रोकंट्रोलर सुरू झाला की मोटार बंद, हीच त्याची पहिली स्थिती असावी.

तिसरे, प्रत्येक आज्ञेला एका बाइटाचा अनुक्रमांक द्या. तीच आज्ञा पुन्हा पाठवताना अनुक्रमांक बदलू नये. नवी आज्ञा असेल तरच तो एकाने वाढवावा आणि २५५ नंतर पुन्हा ० वर यावे. विहिरीवरच्या प्रोग्रामने अनुक्रमांक मागचाच आहे असे पाहिले, तर पोच पुन्हा पाठवावी, पण मिनिटांचे घड्याळ नव्याने सुरू करू नये. नाहीतर ४० मिनिटांची आज्ञा दर दोन सेकंदांनी लांबत जाईल. लॅपटॉप सुरू होताना पहिला अनुक्रमांक यदृच्छेने निवडावा. नेहमी ० पासून सुरुवात केली, तर कधीतरी तो आधीच्या क्रमांकाशी जुळेल आणि नवी आज्ञा जुनी समजून दुर्लक्षिली जाईल.

पोचेतही नुसते 'मिळाले' नको. तोच अनुक्रमांक, मोटारीची खरी स्थिती आणि उरलेली मिनिटे असे चार बाइट परत पाठवा. खरी स्थिती म्हणजे रिलेची नव्हे. एखादा फेज गेलेला असताना रिले ओढलेला असतो आणि मोटार उभी असते. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरवर मोकळा संपर्क असेल तर तो, किंवा मोटारीच्या वायरवर बसवलेला करंट सेन्सर, यावरून ती स्थिती घ्यावी. ही जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी; त्या पेटीत ४१५ व्होल्ट असतात.

प्रश्न : आमचे शेत घरापासून दोन किलोमीटरवर आहे, तेथे वाय-फाय पोचत नाही. लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ वापरायचा विचार आहे. सध्या माहिती जेसॉनच्या (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या) मजकुरात जाते. ती बाइटांत बदलावी का?
(शिक्षक, कंधार तालुका, जि. नांदेड)

उत्तर : घरच्या वाय-फायवर असता, तर मी जेसॉन राहू द्या म्हटले असते, ते वाचता येते, चूक डोळ्यांना दिसते आणि तेथे शंभर बाइटांचे ओझे वाटत नाही. लोरावर मात्र बदलावेच. स्प्रेडिंग फॅक्टर (संकेत किती पसरवून, म्हणजे किती हळू पाठवायचा तो आकडा) १२ आणि १२५ किलोहर्ट्झ रुंदी अशी सर्वांत लांब पल्ल्याची मांडणी ठेवली, तर वेग सेकंदाला सुमारे २९० बिट इतकाच मिळतो, म्हणजे एका बाइटाला सुमारे २७ मिलिसेकंद. साठ अक्षरांच्या जेसॉनला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागेल. तीच माहिती वर लातूरच्या विद्यार्थ्याने केली तशी सात बाइटांत बसवली, तर सुरुवातीचा प्रिअ‍ॅम्बल (ऐकणाऱ्या रेडिओला सावध करणारी खूण) आणि इतर ठरलेला भाग सोडून नुसत्या माहितीला पाव सेकंदही लागणार नाही. रेडिओ जितका कमी वेळ बोलेल, तितकी बॅटरी टिकेल आणि दुसऱ्या केंद्राशी टक्कर होण्याची शक्यता घटेल. दोन किलोमीटरसाठी आधी फॅक्टर ९ किंवा १० वर प्रयत्न करावा आणि अँटेना उसाच्या किंवा तुरीच्या शेंड्यांच्या वर, उंच बांबूवर बांधावी. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला आहे. मॉड्यूल विकत घेताना ते याच पट्ट्याचे आहे ना, हे पाहून घ्यावे.

सुट्या लोरा चिपवर एक पॅकेट म्हणजे एक निरोप ही सोय कायम राहते. सीरियल पोर्टवर बाइट ओतायचे आणि पलीकडे उचलायचे, अशा तयार मॉड्यूलवर ती गृहीत धरू नये. तेथे सुरुवातीची खूण म्हणून दोन ठरलेले बाइट, मग लांबी, मग माहिती आणि शेवटी दोन बाइटांचा सीआरसी (चूक ओळखणारा पडताळ्याचा आकडा) अशी चौकट हवी. खुणेचे तेच दोन बाइट कधीतरी माहितीतही येतील, म्हणून फक्त खूण पाहून विश्वास ठेवू नये. लांबी आणि सीआरसी दोन्ही जुळले तरच निरोप स्वीकारावा. चिपच्या स्वतःच्या सीआरसीची सोय काही लायब्ररींत मुद्दाम चालू करावी लागते.

शेवटी, लोरावर पाठवलेले सर्वांना ऐकू जाते. शेजारच्या शेतात कोणी तीच मांडणी वापरली, तर त्यांची पॅकेट आपल्याकडे येतील आणि आपली त्यांच्याकडे, म्हणून पहिल्या दोन बाइटांत आपल्या शेताचा ओळखक्रमांक ठेवावा. नुसती मातीची आर्द्रता वाचायची असेल तर एवढे पुरे. पुढे मोटारही याच रेडिओवर घेणार असाल, तर दोन्ही टोकांना ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीवरून काढलेले निदान चार बाइटांचे प्रमाणचिन्ह प्रत्येक आज्ञेच्या शेवटी जोडावे. ईएसपी३२ मध्ये एईएस आणि एसएचए या गुप्ततेच्या व पडताळ्याच्या पद्धतींची सोय हार्डवेअरमध्येच आहे, त्यामुळे त्याला हे काम जड जात नाही. ते चिन्ह काढताना वाढत जाणारा अनुक्रमांकही हिशेबात घ्यावा आणि तो चार बाइटांचा ठेवावा. एका बाइटाचा ठेवला, तर २५६ आज्ञांनंतर जुनीच पॅकेट पुन्हा खरी ठरू लागतील.